घशात अडकलेली चिकूची बी

बोर्डीच्या आमच्या वाडीत पिकल्या चिकूचा वास सुटला, की मला लक्षद्वीपचं ते राखीव प्रवाळबेट आठवतं. "इथं बी टाकायची नाही, पक्षी उडवायचे नाहीत," वनरक्षकाने बजावलं होतं. बोटीत खाल्लेल्या चिकूची बी ह्यांनी तोंडातच ठेवली होती. वाळूत पावलापावलाला अंड्यांवर बसलेले पक्षी, आणि नेमकी तिथेच ती बी ह्यांच्या घशात अडकली. चेहरा लालबुंद झाला, पण ह्यांनी ठसका बाहेर येऊ दिला नाही. मी पाठीवर थाप मारायला गेले, तर ह्यांनी माझा हात घट्ट धरला. बोटीपाशी पोचल्यावर रुमालात खोकले, बी निघाली.

"जीव गेला असता तुमचा!"

"एवढ्या उन्हात अंडी उघडी पडली असती गं."

तेव्हा मी संतापले होते. आता फांदीवर घरटं दिसलं, की त्या फांदीचे चिकू मीच उतरवू देत नाही.