आईच्या फोटोखाली माझं अक्षर

आईच्या फोटोखाली माझं अक्षर होतं.

पांढरं कार्ड, हिरवा स्केचपेन. ‘जंगलाचे मारेकरी.’ ‘म’ची गाठ मी जरा मोठी काढते. आश्रमशाळेत गुरुजींनी तशीच गिरवून घेतली होती. कार्डावरची गाठ माझीच. आणि वर फोटोत आई. कोळशाच्या भट्टीपाशी उकिडवी बसलेली. हातात कोयता, तोंड काळं, डोळे थेट बघणाऱ्याकडे.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ट्रे हलला नाही. एवढं नीट आठवतं.

पुण्याजवळच्या माणमध्ये जिथं पूर्वी भाताची खाचरं होती तिथं काचेच्या भिंतींची कंपनी झाली होती. कंपनीत पर्यावरण सप्ताह होता आणि आमच्या संस्थेनं तळमजल्यावर फोटोंचं प्रदर्शन लावलं होतं. कार्डं मी आठवडाभर आधी लिहून दिली होती. फोटो कुणी दाखवले नव्हते. ताईंनी यादी दिली, मी लिहिलं. ‘पाणवठ्यावरील सकाळ.’ ‘देवराईतील शांतता.’ ‘जंगलाचे मारेकरी.’ लिहिताना मी काहीच विचार केला नाही. ओळ वाकडी जाऊ नये, एवढंच बघितलं.

ताई म्हणजे संस्थेचं सगळं काम बघणाऱ्या बाई. संस्था काकांची. काका पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. रिह्याच्या खोऱ्यात त्यांचं फार्महाऊस, तिथं शहरातल्या मुलांची निसर्ग शिबिरं व्हायची. मी तिथं कामाला होते. मुलांना रानात फिरवायचं, घरटी दाखवायची, पानं ओळखायला शिकवायची, मग सगळ्यांना वाढायचं, मग जेवायचं. फार्महाऊसमधल्या झाडांवर पत्र्याच्या पाट्या होत्या. ऐन. किंजळ. हिरडा. त्या पाट्याही मीच रंगवलेल्या.

आम्ही कातकरी. हे शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, माझ्यासमोर, माझ्याकडे बोट करून. एकदा एका मुलानं विचारलं, “तुम्ही लोक उंदीर खाता?” बाकीची हसली. मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, “विचारा, विचारा. तिला काही वाटत नाही.”

खरंच वाटत नव्हतं. अंगावर बसलेल्या माशीचं वाटतं, तेवढंही नाही. मी त्या मुलाला उंदराचं बीळ कसं ओळखायचं ते समजावून सांगितलं. ताई खूश झाल्या.

आमच्या वस्तीवर आदिवासी संघटनेचे एक कार्यकर्ते यायचे, पत्रकं देऊन जायचे. वस्तीत वाचता येणारी मी एकटी. आई म्हणायची, “वाच गं, काय म्हनतुया कागुद?” मी मोठ्यानं वाचायचे. पत्रकातली वाक्यं आखूड असतात. जमीन कोणाची ते विचारा. हुकूम कोणाचा ते विचारा. वाचून झालं की लोक मिठाच्या पुड्या बांधायला कागद घेऊन जायचे. वाक्यं मला पाठ झाली. विचारलं मात्र मी कधी कुणाला नाही.

तर प्रदर्शन. कंपनीतली मुलंमुली गळ्यात ओळखपत्रं घालून येत होती. काका एकेका फोटोबद्दल बोलत होते. आईच्या फोटोपाशी आले. एका मुलानं विचारलं, बोलण्यावरून सोलापूरकडचा असावा, “सर, हे अजून चालतं का?”

“चालतं की,” काका म्हणाले. “ह्यांना झाड म्हणजे फक्त लाकूड दिसतं. दोष त्यांचा नाही म्हणा, संस्कारच नाहीत. म्हणून आम्ही आता त्यांच्यातलीच एक मुलगी घडवतोय. ये गं, पुढे ये. ट्रे ठेव तो.”

मी ट्रे ठेवला. पुढे गेले.

“इथं उभी राहा. फोटोच्या बाजूला. आता बघा फरक.”

दोन-तीन मोबाइल वर झाले. कुणीतरी म्हणालं, “स्माइल.” मी हसले. तेही आठवतं.

हसताना मान जरा वळली आणि आईच्या मागचं झाड दिसलं. मुळापासून दोन खोडं. जोड हिरडा. त्याच्यामागं डोंगराची सोंड. ते झाड मी रोज बघत होते. त्याला माझी पाटी होती. त्याच्याखाली सतरंजी टाकून काका शिबिरातल्या मुलांना सांगायचे की हे उघडं माळरान होतं, हा एवढा हिरडा आपण वाचवला.

तेव्हा मला ती दुपार आठवली. मी आठ-नऊ वर्षांची होते. मुकादमानं वस्तीतली चार घरं उचलून त्या रानात नेली होती. मालकाला प्लॉट साफ करून पाहिजे होता. आम्ही तोडायचं, भट्ट्या लावायच्या, कोळसा मुकादमानं न्यायचा. एक दिवस मालक गाडी घेऊन बघायला आला. पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा. आईला म्हणाला, “बाई, इकडे बघा.” मी आईला चिकटून बसले होते. मला म्हणाला, “ए पोरी, तू बाजूला हो.”

मी बाजूला झाले होते.

दहा वर्षं मी त्या माणसाला ओळखलं नव्हतं. रान गेल्यावर ती जागाही ओळखू आली नव्हती. टोपीखालचं तोंड त्या वयात कुणी वर मान करून बघतं का? त्यानंही मला ओळखलं नव्हतं. त्याला तर विसरायलासुद्धा काही नव्हतं.

“ही माझी आई हाय,” मी म्हणाले.

शिबिरात मी ‘आहे’ म्हणायचे. ताईंनी सवय लावली होती. त्या वेळी ‘हाय’च आलं.

मला वाटलं, आता काकांना काहीतरी होईल. उलट त्यांचा चेहरा उजळला. “काय सांगतेस? अरे वा.” ते मुलांकडे वळले. “बघा. एका पिढीत केवढा बदल.”

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

आतून मी तशीच होते. बधिर. राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. फक्त पाठ असलेलं एक वाक्य तोंडात आलं.

“ही जमीन कोणाची?” मी विचारलं.

“कुठली?”

“फोटोतली. हा जोड हिरडा हाय तुमच्या दारातला. तुमीच प्लॉट साफ करून मागितला व्हता. तुमीच फोटो काढला.”

टाळ्या थांबल्या. काकांनी फोटो जवळून बघितला, चष्मा वर करून. खूप वेळ बघितला. त्यांना आठवलं. आठवल्यावर माणसाची मान कशी आखडते ते मी बघितलं.

“तो वेगळा विषय आहे,” ते म्हणाले.

ताई माझ्या कानाशी आल्या. “आत्ता नको. पाहुणे आहेत. संध्याकाळी बोलू.”

मी कार्ड काढलं. उलटं केलं. स्केचपेन ताईंच्या पिशवीतच होता. भिंतीला टेकवून लिहिलं, घाई न करता, ‘म’ची गाठ नीट काढून.

‘हिचं नाव चांगुणा. भट्टी मुकादमाची. हुकूम जमीनमालकाचा. जमीनमालक आणि फोटो काढणारा माणूस एकच.’

कार्ड परत फोटोखाली लावलं. तो सोलापूरकडचा मुलगा ते वाचत होता. वाचून त्यानं खाली बघितलं.

“हे राजकारण झालं,” काका म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. “ताई, हा फोटोच काढून टाका.”

ताईंनी फोटो काढून खाली ठेवला, तोंड भिंतीकडे करून. आईचं तोंड भिंतीकडे. मी तो उचलला, गळ्यातलं ओळखपत्र गेटवर दिलं आणि बाहेर आले. कुणी अडवलं नाही. फोटोबद्दल एकानंही विचारलं नाही. त्यांना तो आता नकोच होता.

वस्तीवर आई दारात भात पाखडत बसली होती. फोटो तिच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं. कार्ड कुणी लिहिलं होतं, तेही. ती फोटोच बघत राहिली. तिचा तो पहिला फोटो.

“ब्येस आलाय की,” ती म्हणाली. “त्वांड तेवढं धुवाय पायजे व्हतं.”

“आई, त्यांनी तुला मारेकरी म्हटलंय. म्याच लिवलं.”

तिनं बोट ठेवलं ते तिच्या मागच्या झाडावर.

“ह्यो हाय का अजून?”

“हाय.”

“मुकादम म्हनला, ह्यो बी पाड. मालकानं समदं साफ सांगितलंय. म्या म्हनलं, हिरडा दर साली फळं देतूया, त्याला कशाला मारायचा. म्या न्हाई कोयता घातला. लई शिव्या दिल्या त्यानं.” तिनं परत सूप हातात घेतलं. “ऱ्हायला म्हनायचा.”

आई पाखडत होती. कोंडा उडून फोटोवर पडत होता.

दोन दिवसांनी ताईंनी निरोप धाडला. काका मोठ्या मनाचे आहेत, झालं गेलं विसरू, कामावर ये. फोटो परत आणून दे. खाली ‘स्थानिक महिला’ एवढंच लिहू.

मी गेले नाही. रविवारी शिबिर असतं, त्या दिवशी गेले. रंगाचा डबा घेऊन. मुलं जोड हिरड्याखाली सतरंजीवर बसली होती, काका सांगत होते. मी पाटीपाशी गेले. ‘हिरडा’च्या खाली लिहिलं, ‘चांगुणाने राखला.’ मग मुलांकडे वळून कसा राखला ते सांगितलं, मुकादमाच्या शिव्यांसकट. काका मधे बोलले. मी थांबले, त्यांचं झालं की पुढचं सांगितलं.

पाटी दुसऱ्या दिवशी उतरवली, हे कळलं. मी दुसरी रंगवली आहे. तीही उतरवतील. पत्रा पुष्कळ आहे.

आता मी अक्षर उसनं देत नाही. आधी फोटो दाखवा. डोंगर वाचवा, नदी वाचवा म्हणून जिथं सभा भरते तिथं मी जाते, बोलावलं नसलं तरी. पुढं बसते. उभी राहून विचारते, जमीन कोणाची, हुकूम कोणाचा. कुणीतरी म्हणतं, बाई, खाली बसा.

उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसत नाही.