मी अडवलेला निरोप

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमच्या घरात कोण कधी कुठे जाणार, हे मी ठरवते. आणि ते बरोबर ठरतं, असं सगळे म्हणतात. मग हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

माझे बाबा पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. त्याच बोटांना कंप सुटला. नागपूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, आणि एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दलही. नेहमीच्या गोळ्यांनी कंप कमी होतो, पण मेंदूतल्या पेशी मरतच राहतात. पेशीच्या आत निरोपांची एक साखळी असते. तीच तिला शेवटी मरायला लावते. तो निरोप मधेच अडवता येतो का, हे पाहायचं होतं. बाबांना हे फार पटलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तपासण्या झाल्या, आणि ते वाट पाहू लागले.

दवाखान्याचा फोन मला आला. बाबांना चाचणीत घेतलं होतं. दर पंधरवड्याला नागपूर, सोबत घरचं कोणीतरी — म्हणजे मीच. कापसाची वेचणी सुरू होती, मुलीची बारावी होती. सगळं खरं. पण जमवता आलं नसतं? मी फोनवर म्हटलं, बाबांची इच्छा नाही. आणि बाबांना सांगितलं, तुम्ही वयात बसत नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुले चकरा पडल्या असत्या."

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

पुढे शेजारचे गुलाबराव आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांचाही हात थरथरू लागला होता, त्याच चाचणीचं विचारायला आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा समजावत होते, "मलेच वयापायी घेतलं नाही, तुम्ही त माह्यापेक्षा मोठे. कायले जाता?"

"म्हंजे आपली गाडी भंगारातच म्हना," गुलाबराव हसले.

तेव्हा बोलता आलं असतं. मी साखर पुरे आहे का, ते विचारलं.

औषध लागू पडलं असतं की नाही, कोण सांगणार? चाचणीच होती ती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. गुलाबराव आता अंगणात खुर्चीवर बसवलेले दिसतात. बाबांना घास मी भरवते. कोणी नव्या औषधाचं काढलं की ते अजून सांगू लागतात — वयात... — आणि पुढचे शब्द अडतात.

ते वाक्य मी पूर्ण करते.