कागद वाचला, असं मी म्हणाले

माझे यजमान गावात डॉक्टर होते. ते जाऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एका दुपारी कमेटीचे अध्यक्ष घरी आले. म्युनिसिपालटीला आमच्या गावात सगळे कमेटीच म्हणत. त्यांच्याबरोबर दोन सभासद होते. कमेटीवर एक बाई नेमायची होती, आणि गावात लिहिता-वाचता येणाऱ्या, कुणाच्या भांडणात नसलेल्या बायका मोजक्याच. डॉक्टरांच्या मागं तुम्ही अशा घरात बसून राहू नका, असं ते म्हणाले. मी चहा केला आणि हो म्हटलं. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कचेरीत नवे हुकूम येत होते, आणि गावातली एक बाई कमेटीच्या खुर्चीवर बसते हेही नवंच होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा. सभेच्या दिवशी मी इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून जायची.

सभेत मी बोलत नसे. कचेरीतला बाबू ठराव वाचायचा, अध्यक्ष 'सर्वानुमते?' असं विचारायचे, आणि बाकीच्यांबरोबर मीही हात वर करायची. विहिरीचा गाळ, दिव्याचे खांब, मुलींच्या शाळेची कौलं. त्यात हात वर न करण्यासारखं काय असणार, असं मला वाटे.

डांबरी रस्त्याचा ठरावही तसाच आला. मोटार स्टँडपासून बाजारातून कापसाच्या जिनापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीपर्यंत, रस्ता डांबरी करायचा. गावाला तो हवाच होता. उन्हाळ्यात एक मोटार गेली की दुकानातल्या कापडावर धुळीचा थर बसायचा आणि हॉटेलवाल्याला दुधावर फडकं टाकून पळावं लागायचं. पावसाळ्यात तर सायकल खांद्यावर घेऊन चालायची वेळ. घाटंजीला डांबर पडलं, आर्णीला पडणार, मग आपणच काय पाप केलं, असं लोक उघड बोलत. बाबूनं कागदांची चळत माझ्यासमोर ठेवली. वर पत्र होतं, खाली ओव्हरसियरनं केलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, चार-पाच पानांचं, टाइप केलेलं. मी वरचं पान पाहिलं आणि बाबू खालच्या पानांचे कोपरे उचलून दाखवील तिथं तिथं सही केली. पानं वाचायला पाच मिनिटंही लागली नसती.

रस्ता झाला. काळाभोर, नवा कोरा. संध्याकाळी लोक त्यावरून उगाच फिरायला जात. पण दसऱ्याच्या सुमारास, कापूस निघायला लागला तेव्हा, दोन्ही टोकांना पाट्या लागल्या. लोखंडी धावेच्या चाकांना या रस्त्यावर मनाई. उन्हानं डांबर मऊ होतं आणि धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, ते कापत जाते, हे खरंच होतं. मग बंड्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्यांनी, जिनापर्यंत जायचं कुठून? तर गावाच्या मागून, नाल्यातून. ती वाट जुनीच होती, पण गुराढोरांची. एका काठावरून खाली उतरायचं, खडकातून पलीकडे जायचं आणि मग उभा चढ. भरल्या बंडीसाठी ती वाट नव्हती.

गावापासून कोसभर अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आता हे लोक थोडी शेती करत आणि हंगामात गावोगावचा कापूस भाड्यानं जिनावर आणत. त्यातल्या एका बंडीवाल्याशी आमचा घरोबा होता. पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा माणूस. त्याची बायको एकदा बाळंतपणात अडली होती. माझ्या यजमानांनी तांड्यावर जाऊन तिला सोडवली होती. मूल राहिलं नाही, ती राहिली. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती मागच्या दारी यायची आणि अंबाडीची जुडी नाहीतर बोरं ठेवून जायची. पैसे देऊ केले तर रागवायची. यजमान गेले तेव्हा नातेवाईक तेरा दिवस राहून परतले. ती मात्र पुढं कितीतरी बाजार येत राहिली. ओसरीच्या पायरीवर बसायची, काही बोलायची नाही, माझ्याकडून पाणी मागून प्यायची आणि जायची. त्या दिवसांत माझ्याशी न बोलणारं तेवढंच एक माणूस मला सहन व्हायचं.

पाट्या लागल्यावर बंडीवाले आणि खेड्यांतले शेतकरी कमेटीवर आले. अध्यक्षांनी त्यांना हाकलून दिलं नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात जाहीर सभा ठेवली. आम्ही सभासद टेबलामागं बसलो. पुढं शे-दीडशे माणसं, बहुतेक उकिडवी, डोक्याला फडकी बांधलेली. आधी दुकानदार बोलले. धूळ गेली, गिऱ्हाईक थांबतं, असं त्यांचं म्हणणं. मोटारवाले म्हणाले की डांबर फुटलं तर पुन्हा कोण घालणार. मग शेतकरी उठले. बंडीमागं दरवर्षी पट्टी आम्ही भरतो, बाजाराला नाक्यावर पैसे आम्ही देतो, आणि रस्ता मोटारीला, हा कुठला न्याय, असं एक जण म्हणाला. आवाज चढत गेले. कुणीतरी विचारलं, रस्त्याला एवढा पैसा आला तो सगळा डांबरातच गेला का? बंड्यांच्या वाटेला काहीच नव्हतं का? अध्यक्ष शांतपणे म्हणाले की सगळं कायद्यानं झालं आहे, कागद कचेरीत आहेत आणि सर्व सभासदांनी ते पाहून सह्या केल्या आहेत.

तेव्हा तो बंडीवाला उभा राहिला. अध्यक्षांकडे न बघता तो माझ्याकडे वळला.

"बाई, आमाले वाचता येत नाई. तुमाले येते. तुमी वाचला का तो कागद?"

अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, सभासद पाहत होते. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुढं हजारदा मनात घोळवलं. लोक हसले असते. डॉक्टरांची बायको नुसती शोभेला बसवली आहे, असं म्हणाले असते. त्या क्षणी मला तेवढंच दिसलं.

"वाचला," मी म्हणाले.

"बंडीच्या वाटेचं काई नाई त्याच्यात?"

"नाही."

तो मागं वळून आपल्या लोकांना म्हणाला, "बाईनं वाचला आहे. मंग बसा." तो बसला, आणि त्याच्याबरोबर सभाच बसली. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी वाटेचा विचार करू, असं सांगून सभा आटोपली. जाताना ते मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही वेळ सांभाळली." मला ते बरं वाटलं. हेही खोटं सांगत नाही.

त्या हंगामात बंड्या नाल्यातून जाऊ लागल्या. चढावर घरातलं एक माणूस मागून दगड घेऊन चालायचं. बैल थांबले की चाकामागं दगड लावायचा, बैलांनी दम घेतला की काढायचा आणि पुन्हा चार पावलांवर लावायचा. आमच्या ओळखीच्या बंडीवाल्यामागं त्याची बायको असायची.

पौषातली सकाळ होती. आदल्या रात्री अवकाळी शिंतोडे पडले होते आणि खडक ओला होता. बंडी कापसानं वरपर्यंत भरलेली. अर्ध्या चढावर एका बैलाचा पाय घसरला. बंडी मागं आली. तिनं दगड लावला, पण तो ओल्या खडकावर ठरला नाही, आणि बाजूला सरकायला तिला जागाच नव्हती. एका अंगाला खाली नाल्यात तुटलेली कडा आणि दुसऱ्या अंगाला उभा काठ.

मला कळलं तेव्हा तिला मोटार स्टँडवर आणलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून त्या काळ्या रस्त्याच्या कडेला बाजेवर ठेवली होती. मी गेले तोवर सगळं संपलं होतं. तो तिच्या उशाशी बसला होता. त्याच्या डोक्याच्या फडक्याला कापूस चिकटला होता. मी समोर उभी राहिले, त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन बाबूकडे ती चळत मागितली. तो म्हणाला, आता कशाला. मी म्हटलं, द्या. खिडकीशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. चौथ्या पानावर होतं. नाल्यातल्या बैलगाड्यांच्या वाटेचा चढ कमी करणे, मुरूम टाकून दाबणे, कडेला दगडी कठडा बांधणे. रक्कम मंजूर. त्याखाली शाईनं शेरा होता की ही रक्कम तूर्त स्टँडवरच्या कमानीकडे व दिव्यांकडे वळवावी. आणि त्या शेऱ्याखाली आम्हा सगळ्यांच्या सह्या. माझी सही सर्वांत स्वच्छ होती.

पुढच्या सभेत मी पहिल्यांदा बोलले. ते पान वाचून दाखवलं. शाळेतल्या सभेत मी सांगितलं ते खोटं होतं, मी कागद वाचलेला नव्हता, हेही सांगितलं आणि तसंच लिहून घ्या म्हटलं. बाबूनं अध्यक्षांकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. कमान त्यांना गावाची शोभा वाटली होती, आणि वाट एक वर्ष थांबेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "लिहा." त्याच बैठकीत वाटेचं काम मंजूर झालं. कमेटीच्या खर्चाचे कागद दर बाजारी कचेरीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचावेत, असा ठरावही मी मांडला. कुणी विरोध केला नाही.

मग मी तांड्यावर गेले. तो खोपटाबाहेर बैलांपुढं कडबा टाकत होता. मला बसायला त्यानं पोतं अंथरलं. मी सगळं सांगितलं, चौथ्या पानासकट. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. त्यानं ऐकून घेतलं.

"मले तवाच समजलं होतं, बाई," तो म्हणाला. "तुमी खाली पाहून वाचला म्हटलं. खरं बोलणारं माणूस खाली कायले पाहीन?"

"मग तुम्ही का बसलात?"

"चार लोकांत तुमाले खोटं कसं पाडू? डॉक्टरसाहेबाचं घर तुमचं." बैलांपुढं आणखी कडबा सारत तो म्हणाला, "घरी आल्यावर तिले सांगतलं. ते म्हणे, जाऊ द्या, एकटी बाई आहे."

मी उठले तेव्हा तो नेहमीच्या रीतीनं तांड्याच्या टोकापर्यंत पोचवायला आला. क्षमा केली असं तो म्हणाला नाही आणि मीही मागितली नाही. ती मागण्यासारखी गोष्ट नव्हती.

उन्हाळ्यात वाट झाली. मुरूम पडला, चढ उतरवला, कमरेइतका कठडा झाला. काही वर्षांनी रबरी टायरच्या बंड्या निघाल्या, आणि डांबरावरच्या पाट्या कुणी कधी काढल्या ते कळलंही नाही. माझी मुदत संपेपर्यंत मी दर बाजारी ओट्यावर उभी राहून कागद वाचत असे. पहिल्या महिन्यात गर्दी व्हायची, लोक प्रश्न विचारायचे, कधी भांडायचेही. मग ती कमी होत गेली. शेवटी शेवटी टोपल्या उतरवून सावलीला बसलेल्या चार बायका तेवढ्या असायच्या. मी तरी पूर्ण वाचायची.

त्या बंडीवाल्यानं पुढच्याच वर्षी बैल विकले आणि तो फुलसावंगीला लेकीकडे राहायला गेला. त्याला भेटायचं मी दोनदा ठरवलं होतं. त्या बाजूला एस्टीही सुरू झाली होती, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. मी गेले नाही. तांड्यातली एक बाई बाजारात भेटली तेव्हा तिच्याकडून कळलं की तो वारला, त्याला वर्ष झालं.