पडवीतले काका आणि वाढीव घरपट्टी

माझ्या स्वयंपाकाला कुणी सारखं ‘छान, छान’ म्हणायला लागलं की मला अजून धाकधूक वाटते. हे खूळ कल्याणचं.

मॅट्रिकसाठी मी तिथे आत्याकडे राहायला गेले, तेव्हा त्या घरात आम्ही तिघं होतो. आत्या, मी आणि पडवीतले काका. ते आत्याच्या यजमानांचे ठाकुर्लीच्या वीजघरातले सोबती. यजमानांच्या शेवटच्या आजारपणात सेवेला म्हणून आले, ते पडवीतच राहिले. बाजारहाट, विहिरीचं पाणी, माझं गणित, सगळं त्यांच्याकडे. पण हाक मारल्याशिवाय जेवायला आत यायचे नाहीत आणि पानात पडेल त्याला ‘छान’ म्हणायचे. आत्याला त्या ‘छान’चा भारी राग.

एकदा नगरपालिकेचा माणूस घरपट्टीसाठी मोजणीला आला. पडवीतली खाट, ट्रंक आणि चहाचा स्टोव्ह बघून म्हणाला, “बाई, भाडेकरू ठेवलाय तुम्ही.”

“पाहुणे आहेत ते.”

“एवढी वर्षं पाहुणा राहतो का कोण?”

भाड्याने दिलेली जागा धरून त्याने पट्टी वाढवून ठेवली. शिवणकामावर घर चालवणाऱ्या आत्याला ती झेपणारी नव्हती. शिवाय गल्लीत कुजबुज सुरू झाली, ती वेगळीच. काकांनी ट्रंक आवरायला घेतली. म्हणाले, टिटवाळ्याला देवळापाशी खोली बघतो. मोजणीची टेप त्या माणसाच्याच गळ्यात गुंडाळावी, असा मला संताप आला होता.

आत्याने वाढीव पट्टीवर हरकत घेतली. कचेरीत मी तिच्याबरोबर गेले. मोजणीवाला तिथेच होता. “फेटाळून टाका साहेब, एका सहीचं काम आहे,” तो म्हणाला. वयस्क हेडक्लार्कनी चष्मा काढला.

“लांबी-रुंदीचा वाद असता तर मीच मिटवला असता. इथे राहणारा माणूस कोण, हाच वाद आहे. आणि तो आपणच उभा केलाय. आपलंच म्हणणं आपणच कसं तपासायचं?” मग आत्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्हाला वर पाठवतो.”

आत्या ताडकन उठली. “मला कशाला वर पाठवताय? पोरीची मॅट्रिक व्हायचीय अजून!”

सगळी कचेरी हसली. वर म्हणजे अपील समितीकडे, हे मी तिला जिन्यात समजावलं. त्या हेडक्लार्कचे उपकार मात्र मला फार उशिरा कळले. सही करून मोकळं होणं किती सोपं होतं!

समितीपुढे आम्ही तिघंही गेलो. अध्यक्षांनी काकांना विचारलं, “भाडं देता?”

“नाही.”

“मग पाहुणे?”

काका खाली बघत म्हणाले, “पाहुणाच. जाईन आता.”

“पाहुणे कसले!” आत्या कडाडली. “माझ्या यजमानांनी यांच्या मांडीवर प्राण सोडला. घरचे आहेत हे. लिहा तसं.”

“नातं काय लिहू?”

“नातं नाही. घरचं माणूस लिहा.”

अध्यक्षांनी कारकुनाला तेच लिहायला सांगितलं. पट्टी पूर्वीइतकीच राहिली.

त्या संध्याकाळी काका हाकेची वाट न बघता आत आले आणि पाटावर बसले. आमटीचा एक भुरका मारला.

“मीठ कमी आहे,” म्हणाले.

आत्याने मिठाची बरणी त्यांच्यापुढे आदळली. “घ्या हवं तेवढं,” म्हणाली, आणि चुलीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत राहिली.