त्याच्या बोलीतला प्रश्न

लातूरचे नळ कोरडे पडले होते तेव्हा आम्ही बाया डाळमिलसमोर टँकरच्या रांगेत उभ्या राहायचो. मिलचा वॉचमन आमच्या भरलेल्या घागरी उचलून द्यायचा. डोळे बारीक, म्हणून सगळी गल्ली त्याला नेपाळी म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

एकदा मी त्याला गाव विचारलं.

"आसाम, ताई. आम्ही मिसिंग जमातीचे लोक. नदीकाठी राहतो. आमची बोली बी वेगळी हाय."

"मग पाण्याला काय म्हणता?"

"आसी," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "लई दिवसांनी बोललो. इथं कुणासंग बोलणार?"

त्यानंतर माझी घागर उचलताना तो रोज त्याच्या बोलीत तेच एक वाक्य पुटपुटायचा. शेवटी मी अर्थ विचारला. तो लाजला.

"आई विचारायची, जेवला का म्हणून. आता ती न्हाई. इसरू नये म्हणून मीच मला विचारून राहिलो."

मी ते वाक्य त्याच्याकडून घोकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं. उच्चार चुकलाच असेल. तरी त्यानं हातातली घागर खाली ठेवली आणि त्याच्या बोलीत मला लांबलचक उत्तर दिलं.