स्टीअरिंगवरचं एक बोट

आम्ही दोघं कॅराव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीच्या ओसाड भागातून चाललो होतो. मुक्कामाचं गाव जवळच होतं, त्यामुळे दिवस रमतगमत चालला होता. अर्ध्या-पाऊण तासाने एखादी गाडी समोरून यायची आणि तिचा चालक स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून आम्हाला नमस्कार करायचा. सकाळी सुधाकरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याची गंमत वाटली. दुपारपर्यंत तोही न चुकता बोट उचलू लागला.

"ओळख ना पाळख, तरी करतात," तो म्हणाला.

मला वाटलं, इतक्या मोकळ्या जागेत समोर आलेला माणूस न दिसल्यासारखं करणं अवघडच जात असेल. आपल्याकडे ते सहज जमतं. वडिलांच्या आजारपणात कुणीतरी बोललेल्या एका शब्दावरून सुधाकर आणि त्याचे थोरले भाऊ अण्णा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नकार्यात एकाच पंगतीला बसायचे आणि एकमेकांकडे बघायचेही नाहीत.

चहासाठी एका पेट्रोल पंपाशी थांबलो, तिथे मोबाइलला रेंज होती. सुधाकर बराच वेळ फोन हातात धरून बाकावर बसला. मग म्हणाला, "अण्णांचा नंबर तुझ्याकडे असेल ना?"

मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"अण्णा, मी सुधाकर."

आम्ही ऑस्ट्रेलियात आहोत हे अण्णांना माझ्याकडून कळलेलं होतं. पलीकडून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, "तिकडे किती वाजले रे?"

"दुपार आहे," सुधाकर म्हणाला. "निवांत आहे मी. तुम्ही बोला."