पांढऱ्या चादरीतली दासी

शुक्रवारी मी ग्रीसला जाऊन आले... आलमबागहून, ई-रिक्षाने! हसू नका, सांगते.

माझी नात ईशू सहावीत आहे. मुलगा रेल्वेत इंजिनियर, म्हणून आम्ही साताऱ्याकडची माणसं लखनौत. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते... आमचं छान चालतं. तर तिच्या वर्गाचं नाटक होतं, जुन्या काळच्या ग्रीस देशावर. आणि आमच्या बाईसाहेबांना काम मिळालं दासीचं. एकही वाक्य नाही, नुसता घडा घेऊन इकडून तिकडे जायचं.

झालं... गुरुवारी जेवलीच नाही. "आज्जी, मैं नहीं जाऊँगी. सब हँसेंगे."

माझी शाळा चौथीपर्यंत, मला कुठलं ग्रीस माहीत! म्हटलं, तूच सांग बाई. मग मुसमुसत सांगितलं तिने. अथेन्स नावाचं शहर. कारभार बघणारे ते नागरिक, तेही फक्त पुरुष हां! बाहेरून येऊन धंदा करणाऱ्यांना कारभारात बोलायची सोय नाही. आणि सगळ्यांत खाली दास. जहाजं भरभरून तेल न् मातीची भांडी परदेशी जायची, खाणीतून चांदी निघायची, शहर नुसतं भरभराटीला आलेलं.

"मग खाणीत कोण उतरायचं ग?"

"दास."

"आणि तेल कोण गाळायचं?"

"वही लोग, आज्जी!" चिडली माझ्यावर... पण डोळे पुसले.

शाळेतून निरोप होता, नाटकात नेसायला मुलांनी घरून आणलेल्या पांढऱ्या चादरी खांद्यावरून घसरतायत, घरचं कोणी मदतीला येईल का. म्हटलं, जन्म गेला नऊवारी नेसण्यात, चादरींना काय घाबरायचं! ईशूने फोनवर त्या ग्रीक लोकांचं चित्र दाखवलं तर काय, ना शिवण ना बटण, नुसतं कापड गुंडाळलेलं... म्हणजे आपलंच की!

सकाळी पिनांचा डबा घेऊन पोचले. एकेकाला उभं केलं, निऱ्या घातल्या, खांद्यावर पिना लावल्या... एक गोलमटोल नागरिक तर गुदगुल्या होतात म्हणून पळतच सुटला. दास-दासींसाठी टीचरनी तरटाचे तुकडे काढून ठेवले होते. मला वाटलं पायपुसणी! मी आपलं सगळ्यांना पांढरं स्वच्छ नेसवून मोकळी.

टीचर आल्या नि कपाळाला हात. "अरे माताजी, अब इनमें नागरिक कौन और दास कौन?"

माझं तोंड एवढंसं झालं. बदलायला वेळच नव्हता. ईशू माझ्याकडे बघतेय... मनात आलं, पोरीला सावरायला आले आणि हिचंच नाटक बिघडवलं.

पण टीचर एकदम हसायलाच लागल्या. म्हणाल्या, त्या काळी अथेन्समधल्या कुणाची तक्रारच होती म्हणे, की रस्त्यात कपड्यांवरून दास कोण, नागरिक कोण, काही कळत नाही! "रहने दीजिए, यही सही है." नाटकाआधी माईकवर सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

मग ईशू घडा घेऊन अशी चालली ना... काही घाईच नाही! तिच्या मागे तो गोलमटोल नागरिक खोळंबून उभा.

परत येताना चादर सोडायला तयार नाही. रिक्षावाल्या भैयांनी आरशात बघून विचारलं, "बिटिया, रानी बनी थीं का?"

"नहीं भैया, दासी." मान ताठ! "पहचाने नहीं न?"

कापड सारखं झालं म्हणून खाणीतल्या माणसाचे कष्ट कमी होत नाहीत, एवढं मलाही कळतं हो. पण लाजेने मान खाली घालायची पाळी त्याची नाही, हे माझ्या पोरीला कळलं... त्या टीचरना खूप खूप आशीर्वाद.

सूनबाई म्हणते, नव्या चादरीला पिनांची भोकं पडली. पडू देत!